आपत्तीला खरंच काही अर्थ असतो का?

तुम्ही विचारलंय की भूकंप, पूर, दुष्काळ यांच्याकडे साहित्य, इतिहास आणि निसर्ग आपापल्या परीनं बघतात, मग त्यातला खरा अर्थ कोणता? मी सिव्हिल इंजिनिअर, साहित्याचा अभ्यासक नव्हे. पण या प्रश्नानं लहानपणापासून माझी पाठ सोडलेली नाही, म्हणून लिहितो.

माझी आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, सोलापुरात. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून लोक दमून, उशिरा झोपलेले. आजीच्या घराची मागची अख्खी भिंत आत आली. ती ओसरीवर झोपली होती म्हणून वाचली. पुढे कुणीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, “गणपती पाण्यात गेलता ना लेकरा, घरात देवच नव्हता त्या रात्री.”

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. मी तिला समजावायला लागलो की देवाचा काही संबंध नाही, ही भिंतीची करणी आहे. दोन-तीन फूट जाडीची काळ्या दगडाची भिंत, पण सगळं मातीत रचलेलं. आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारे लांब दगडच घातलेले नाहीत. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले, म्हणजे डोक्यावर टनावारी ओझं. भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगाच्या हिशेबात मध्यमच, पण उथळ आणि थेट गावांखाली. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि दगड तेवढे माणसांवर आले. जाड भिंतींच्या वाड्यांपेक्षा गरिबाची कुडाची झोपडी त्या रात्री भरवशाची ठरली.

आजी सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “आसंल.”

निसर्गाबद्दल विचारलंय, तर तो काळा दगडच बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरत गेले, लाखो वर्षं. डायनासोर गेले तो काळही साधारण तोच. आज मेक्सिको आहे तिथे त्या वेळी अशनी आदळला. डायनासोर संपवण्यात त्याचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्याच थरांतून सह्याद्रीचे कडे कोरले गेले, वेरूळचं कैलास घडलं, ज्वारी-तुरीची काळी जमीन तयार झाली आणि किल्लारीच्या भिंतीही उभ्या राहिल्या. यात अर्थ शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. आपत्ती म्हणायलासुद्धा कुणीतरी खाली सापडावं लागतं.

इतिहासात मात्र आपल्या भाषेनं मोठी सोय करून ठेवली आहे. अस्मानी आणि सुलतानी. एक आभाळातून येते, दुसरी राज्यकर्त्यांकडून. घोळ असा की दोन्ही सुट्या क्वचितच भेटतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुणं बुडालं तेव्हा पाऊस अस्मानी होता, पण धरणाचं काम पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी साठलं, ते कुठल्या खात्यात टाकायचं?

हाच वाद युरोपात पोर्तुगालची राजधानी लिस्बनवरून झाला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, आगी लागल्या, मग समुद्र शहरात आला. सणाच्याच दिवशी? फ्रेंच लेखक व्होल्तेअरनं कविता लिहून विचारलं की जे आहे ते सगळं भल्यासाठीच आहे, हे तत्त्वज्ञान आता कुठल्या तोंडानं सांगणार. विचारवंत रूसोनं त्याला पत्रातून उत्तर दिलं की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गानं तिथे दाटीवाटीनं उभी केली नव्हती. ते वाक्य वाचलं तेव्हा मला आजीची मागची भिंत आठवली. मालाग्रिदा नावाचा एक पाद्री सांगत फिरत होता की हा देवाचा कोप आहे, प्रायश्चित्त घ्या. मंत्री पोंबालनं मात्र गावोगावच्या चर्चना प्रश्नावली धाडली: हादरे किती वेळ बसले, समुद्र आधी ओसरला की चढला, किती घरं पडली. नव्या इमारतींच्या भिंतींत त्यानं लाकडी पिंजरा घालायला लावला. सैनिकांना भोवती कवायत करायला लावून त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात.

आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ ला बिहार हादरला आणि गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यतेबद्दल टागोर त्यांच्याच बाजूचे, पण हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी लिहिलं की हा तर्क सनातन्यांना जास्त शोभेल, उद्या ते या कोपाचं खापर तुमच्याच अनुयायांवर फोडतील. गांधीजींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापलं, पण मत बदललं नाही. मी टागोरांच्या बाजूचा. ज्याचं घर पडलं त्याला बाहेरच्यानं त्याचा अर्थ सांगू नये, हेतू कितीही चांगला असो.

स्वतःच्या नुकसानीचा अर्थ लावायचा हक्क मात्र ज्याचा त्याला आहे, आणि तो तुकोबांइतका जपून वापरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. १६३० च्या दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, बायको गेली. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग आपण सगळेच म्हणतो. त्यात काय काय ‘बरं’ झालं ते मोजून बघा. दिवाळं, जनातला अपमान, धन, गुरंढोरं. कर्कशा बायकोही आहे, पण ती दुसरी, मागे राहिलेली. भुकेनं मेलेली त्या यादीत नाही. तिच्याबद्दल दुसऱ्या अभंगात एकच ओळ आहे, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. तिला ते ना बरं म्हणतात ना पापाचं फळ. त्यानंतर लाज आणि व्यवसायातली तूट येते, आणि लगेच देवाचं भंगलेलं देऊळ, ते दुरुस्त करावंसं मनात आलं म्हणून. एवढ्या मोठ्या दुष्काळातून बाहेर पडलेला माणूस आधी पडकी भिंत बघतो, हे मला इंजिनिअर म्हणून फार जवळचं वाटतं.

आजीनं तरी दुसरं काय केलं? देव घरात नव्हता हे तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. पण घर पुन्हा बांधताना माळवद नको म्हणून सगळ्यात आधी हटून बसली तीच. वर पत्रे आले, उन्हाळ्यात जीव जायचा, पण तिची तक्रार नव्हती. एका वर्षी अनंत चतुर्दशीला मी तिच्याकडे होतो. विसर्जन झाल्यावर तिनं अंगणात अंथरूण टाकलं. दरवर्षी टाकायची म्हणे. मी तिला हात धरून आत नेलं, खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना फिरलेला सिमेंटचा पट्टा दाखवला, पत्रा किती हलका ते सांगितलं. या घराला काही होत नाही म्हणालो.

“व्हय,” म्हणाली, आणि माझीही गोधडी अंगणातच अंथरली.