मालिकालेखनाकडे वळणाऱ्या नव्या लेखकास

तुम्हाला मराठी मालिकांसाठी लिहायचे असेल, तर कथा, पटकथा आणि संवाद ही कामे येथे बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. नवोदिताच्या वाट्याला प्रथम संवाद येतात. ते दुय्यम समजू नयेत, कारण सासूच्या तोंडी कोल्हापूरची बोली आणि सुनेच्या तोंडी पुण्याची, हा फरक शेवटी संवादलेखकालाच सांभाळावा लागतो.

दूरदर्शनच्या तेरा भागांच्या साप्ताहिक मालिकेचे लेखन चित्रीकरणापूर्वी पूर्ण करता येत असे. दैनंदिन मालिकेत जाहिराती वगळता सुमारे २० ते २२ मिनिटांचा भाग रोज लागतो, आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे साप्ताहिक आकडे घसरले किंवा एखादा कलाकार आजारी पडला, की ठरलेले कथानक रातोरात वळवावे लागते. माझेही लग्नाचे चार प्रसंग असेच वधूविना लिहून झाले आहेत! म्हणून आवडत्या प्रसंगावर फार जीव लावू नये. ओटीटीवर मात्र बहुधा संपूर्ण पर्वाची संहिता आधी मागतात. तेथे घाईची सवय घातक ठरते.

कराराकडे दुर्लक्ष करू नका. संकल्पना ऐकवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले आहे, त्यामुळे तो सोडून देण्याचे कलम दिसल्यास स्वाक्षरीपूर्वी वकिलाला दाखवावे. मानधनाचे टप्पे आणि श्रेयनामावलीतील उल्लेखही लेखी घ्यावा.