भिरभिरं आणि अडलेला शब्द

आईने पिशवीतून आधी वही काढली. आठवीतल्या मुलाची, जपानीची. वर्ष सरत आलं होतं आणि लिहिलेली पानं होती अकरा. मग तिने टेबलावर एकेक वस्तू मांडली: कागदाचा बेडूक, दोन भिरभिरी, घडीचा पंखा, जपानी अक्षरांत लिहिलेलं नावाचं कार्ड. "मॅडम, हा याचा वर्षभराचा अभ्यास," ती म्हणाली. "मी याला भाषा शिकायला घातलंय की हस्तकला, तेच कळत नाही. पुढे जपानीची एन-५ची परीक्षा द्यायची म्हणत होता. आता म्हणतो, जपानीच सोडायचंय."

मी जपानी शिकवत नाही, मुलांच्या अडचणी घेऊन पालक माझ्याकडे येतात. भाषेच्या तासाला मुलं नुसतं काहीतरी करत बसतात, ही तक्रार त्यांत दर वर्षी असते. भाषा कुठलीही असो, पालकांचा प्रश्न एकच: घड्या घालण्यात, पत्रं पाठवण्यात, दुसऱ्या देशातल्या मुलांशी गप्पा मारण्यात तास संपतो, मग व्याकरण कधी होणार? ही काळजी मी उडवून लावत नाही. काही वेळा ती अगदी खरी असते. (हा अनुभव आईच्या आणि मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पण या आईच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. 'शिकत नाही' ही एक आणि 'सोडायचंय' ही दुसरी. कंटाळा आला म्हणून मुलं विषय सोडतात, हे खरं. पण पंखे आणि बेडूक करायला मिळतात त्या तासाचा कंटाळा का यावा? हा असं कधीपासून म्हणायला लागला, ते मी विचारलं. तीनेक आठवडे झाले असतील. त्या सुमाराला काही घडलं होतं का? आईला आठवेना. "विशेष काही नाही. त्यांचा तो तिकडच्या शाळेबरोबरचा व्हिडिओ कॉल झाला होता, तेवढंच."

मुलगा आत आला तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. जपानीबद्दल मी काहीच विचारलं नाही. टेबलावरचं भिरभिरं उचललं, फुंकर मारली आणि म्हटलं, "हे आईला शिकवशील? तू आधी जपानीत सांगायचं, मग मराठीत. हात मात्र आईचे चालतील, तुझे नाही." त्याने आईकडे पाहिलं. ती थोडी अवघडली होती, पण तिने कागद पुढे ओढला.

"ओत्ते कुदासाई," तो पुटपुटला. "म्हणजे दुमड. कोपऱ्यावर कोपरा आण." आईने दुमडला. "हिराइते कुदासाई. उघड." पुन्हा दुसऱ्या कर्णावर तेच. फुलीसारख्या दोन घड्या उमटल्या. आता चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे कात्रीने कापायचं होतं. इथे तो थांबला. काही न बोलता कात्री उचलून त्याने आईच्या हातात दिली आणि बोटाने रेघ दाखवली. तिने कापलं. मग पुन्हा जपानी सुरू झालं: "मागेते कुदासाई", कोपरा मध्यावर वळव. "तोमेते कुदासाई", टाचणी लाव. भिरभिरं झालं. फिरलंही.

वही कोरी असलेल्या मुलाने पाच मिनिटांत चार क्रियापदं बिनचूक सांगितली होती. आईसाठी ती मोठी गोष्ट होती. माझं लक्ष मात्र पाचव्या क्रियापदाकडे होतं, जे तो बोललाच नाही. कापण्याच्या वेळी त्याचं तोंड मिटलं होतं.

"कापायला काय म्हणतात?" मी विचारलं. त्याची मान खाली गेली. बऱ्याच वेळाने तो बोलता झाला.

कॉलच्या दिवशी प्रत्येकाने तिकडच्या मुलांना एक वस्तू करायला शिकवायची होती. याच्या वाट्याला भिरभिरं आलं. दुमडणं झालं, उघडणं झालं, मग तो म्हणाला, "किते कुदासाई." तिकडचा एक मुलगा खुर्चीतून उठला आणि थेट कॅमेऱ्याजवळ येऊन उभा राहिला. वर्गात हशा पिकला. कुणीतरी "एएऽऽ?" असा लांब सूर काढला. याने तेच पुन्हा म्हटलं, पुन्हा हशा. तेवढ्यात वेळ संपली आणि पडदा काळा झाला. "मी काय चुकलो तेच कळलं नाही," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर वेडा ठरलो."

आईच्या परवानगीने मी जपानीच्या शिक्षिकेला भेटले. मुलं त्यांना सेन्सेई म्हणतात, मीही तेच म्हणते. किस्सा ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. कॉल संपताच पुढचा तास सुरू झाला होता आणि चूक मुलाच्या लक्षात आली असेल असं त्या धरून चालल्या होत्या. मग त्यांनी मला जे समजावलं ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जपानीत कुणाला नम्रपणे काही करायला सांगायचं तर सहसा क्रियापदाचं 'ते-रूप' वापरतात आणि पुढे 'कुदासाई', म्हणजे 'कृपया', जोडतात. सुरुवातीच्या व्याकरणातला मुलं सर्वांत जास्त अडखळतात तो हा भाग, कारण सगळी क्रियापदं एकाच पद्धतीने बदलत नाहीत. ओरु, म्हणजे दुमडणे, त्याचं ओत्ते होतं. हिराकु, म्हणजे उघडणे, त्याचं हिराइते. मागेरुचं मागेते. किरु म्हणजे कापणे, त्याचं कित्ते. आणि कुरु, म्हणजे येणे, त्याचं होतं किते. कित्ते आणि किते यांत फरक एका क्षणभराच्या अडण्याचा आहे. आपल्याकडे पती आणि पत्ती या शब्दांत असतो तसाच. याने म्हणायचं होतं 'कापा', तोंडून गेलं 'या'. तो मुलगा आला!

आणि तो "एएऽऽ?" जपानी बोलण्यात आश्चर्य वाटलं की हा सूर सर्रास निघतो. ऐकणाऱ्याने मधूनमधून असे सूर देत राहायचे, तिकडे त्याला आइझुची म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्याला आपण हुंकार देतो ना, तसंच. हसणाऱ्या मुलांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्या सुराला हिणवणी समजायचं कारण नव्हतं. मुलाला हे माहीत नव्हतं. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणून ठेवलेल्या तासात नेमकी हीच देवाणघेवाण राहून गेली होती.

सेन्सेईंना मी माझं मत स्पष्ट सांगितलं. असा कॉल संपल्यावर लगेच दहा मिनिटं राखून ठेवायलाच हवीत. काय कळलं, काय नाही कळलं, कुणाला कुठे अवघडल्यासारखं झालं, एवढंच बोलायचं. ती दहा मिनिटं नसतील तर कॉल अर्धाच झाला. त्यांना ते पटलं.

परक्या भाषेच्या वर्गातली भीती हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे. १९८६ साली इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली मांडली, ती आजही वापरली जाते. त्यामागचा मुद्दा साधा आहे. इतर विषयांत हुशार असलेलं मूलही परक्या भाषेत बोलताना स्वतःला लहान, बावळट वाटून घेऊ शकतं, कारण मनातलं आहे तसं मांडायला शब्द पुरत नाहीत. ज्याला तेराव्या वर्षी मित्रांसमोर तसं वाटलं तो गप्प होतो, आणि घरी येऊन म्हणतो, मला हा विषय सोडायचाय.

घरीही एक गोष्ट चालू होती, ती आईनेच सांगितली. पाहुणे आले की, "बोल बघू जपानीत काहीतरी!" कौतुकानेच. पण 'काहीतरी' बोलणं फार अवघड असतं. कुणाला उद्देशून, कशासाठी, हे काहीच नसतं त्यात. कात्री पुढे करून 'काप' म्हणणं त्याहून कितीतरी सोपं. मी एवढीच विनंती केली की हे बंद करा.

आता कोऱ्या वहीबद्दल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली. शिक्षकाने परक्या भाषेत आज्ञा द्यायची, शिकणाऱ्याने ती हातापायांनी पाळायची. बोलण्याची घाई नाही, बोलणं मागाहून येतं. गंमत म्हणजे या पद्धतीचा सुरुवातीचा एक प्रयोग जपानी भाषेवरच झाला होता, तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. या मुलाने वर्षभर सेन्सेईंच्या तोंडून ओत्ते, हिराइते, मागेते ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी हाताने ते केलं होतं. वहीत उतरलं नाही म्हणून ते गेलं कुठे नव्हतं. आईच्या हातातल्या कागदावर ते दिसलंच.

पण आईचं सगळंच चुकत होतं असं नाही. वस्तूंच्या त्या रांगेत नसलेलं एक मोठं पोस्टर घरी होतं. झेंडा, डोंगर, गुलाबी फुलं, सगळी चित्रं छापून आणून चिकटवलेली. त्यात दोन रविवार गेले होते. ते करताना जपानीचा एक शब्द लागला नव्हता. पालकांना मी इथे एकच कसोटी देते: हे काम तोंड मिटून पूर्ण करता येतं का? येत असेल तर ती हस्तकला आहे, आणि छान हस्तकला आहे, पण भाषेचा तास नव्हे. भिरभिरं मुक्याने शिकवता येत नाही, निदान समोरच्याचे हात आपल्या हाती नसताना तरी नाही.

देवाणघेवाणीलाही तीच कसोटी लावावी. झेंडा आणि डोंगर पुस्तकातही मिळतात. त्याच कॉलमध्ये वर्गातल्या एका मुलीला तिकडच्या मुलांकडून कळलं की शाळेची झाडलोट तीच मुलं रोज करतात. तिने विचारलं, कंटाळा नाही येत? उत्तर आलं, येतो. या दोन ओळींसाठी तिला प्रश्न तयार करावा लागला, उत्तर कान देऊन ऐकावं लागलं. पोस्टरच्या दोन रविवारांपेक्षा मला या दोन ओळी मोलाच्या वाटतात.

आणि वही? तीही हवीच. एन-५ ही जपानी भाषा प्राविण्य परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, आणि त्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात. नुसत्या भिरभिऱ्यावर ती सुटणार नाही, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. वही दूर न ठेवता ती हातकामाच्या मागोमाग आणता येते. सेन्सेईंनी मुलाला एक काम दिलं: भिरभिऱ्याची कृती हिरागाना या जपानी लिपीत लिहून काढ, तिकडच्या वर्गाला पत्राने पाठवायची आहे. लिहिताना त्याला दिसलं की 'कित्ते' लिहायला मध्ये एक छोटा 'त्सु' घालावा लागतो. त्याचा स्वतंत्र उच्चार नसतो, तिथे आवाज फक्त अडतो. वर्षभर कानाला न सापडलेली गोष्ट कागदावर एका चिमुकल्या अक्षरात बसलेली होती. माझ्याकडे येऊन त्याने ती मला दाखवली. आपण कुठे चुकलो ते आता त्याला नेमकं बोट ठेवून दाखवता येत होतं, आणि मला वाटतं त्याची लाज तिथे निम्मी झाली. तिकडचा मुलगा उठून का आला, हे मी त्याला विचारलं. "कारण मी त्याला ये म्हटलं," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे त्याला कळलं होतं." त्यावर मी काही बोलले नाही.

आईला आणखी एक गोष्ट सापडली, ती मला अपेक्षित नव्हती. मुलगा रोज संध्याकाळी तिला एक घडी शिकवू लागला होता, जपानीत आणि मग मराठीत. एके दिवशी ती म्हणाली, "मॅडम, हे आपल्यासारखंच आहे हो. ओत्ते मिते म्हणजे दुमडून बघ. मिरु म्हणजे बघणे, तेही शब्दशः! आणि ओत्ते ओकु म्हणजे दुमडून ठेवणे, ओकु म्हणजे ठेवणे." खरंच आहे. मराठी बोलणाऱ्याला इथे मोठा आधार मिळतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी, 'ते'च्या जागी आपला 'ऊन', आणि त्याला जोडून बघणे, ठेवणे. घोकायला तिने तक्ता दिला असता तर मुलाने तोंड फिरवलं असतं. ही जोडी दोघांनी कागद दुमडता दुमडता शोधली.

ते-रूपांच्या चाचणीत त्याला वीसपैकी तेरा मिळाले. 'जाणे' या क्रियापदाचं रूप अपवादाने बनतं, तिथे तो फसला. बाबांना तेरा कमी वाटतात आणि ते अजून वहीची पानं मोजतात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

पुढच्या कॉलला सेन्सेईंनी पोस्टर काढून टाकलं आणि शेवटची दहा मिनिटं बोलण्यासाठी ठेवली. याने पुन्हा भिरभिरंच मागून घेतलं. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा जिन्यातूनच आवाज येत होता, "पती, पत्ती. किते, कित्ते." आत येऊन त्याने कात्री माझ्यापुढे सरकवली आणि माझे हात चालायची वाट बघत उभा राहिला.