आकडा आधी घरात सांग

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "काका, घटस्फोट झाला असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. दिवाळं निघालंय हे कुठल्या तोंडाने सांगू?" हे तुझं वाक्य काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही. पुढे माझ्याकडे पैसे मागितलेस, आणि वर लिहिलंस, "हिच्या कानावर जाऊ देऊ नका."

पैशांचं शेवटी बोलतो. आधी बायकोला आकडा सांग. "सध्या जरा ओढाताण आहे" वगैरे गुळमुळीत बोलू नकोस. चारही कार्डं, पर्सनल लोन, भावाचे उसने, सगळ्याची बेरीज एका कागदावर मांड आणि तो कागद तिच्या हातात दे.

तुला वाटतंय हे जगावेगळं संकट तुझ्याच घरात शिरलंय. या अमेरिकेचेच आकडे बघ. एलिझाबेथ वॉरन सेनेटर होण्याच्या कितीतरी आधी हार्वर्डला दिवाळखोरीचा कायदा शिकवायच्या. २००३ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या मुलीने दाखवून दिलं की अमेरिकेत घटस्फोटाच्या अर्जांपेक्षा दिवाळखोरीचे अर्ज जास्त होतायत. २००५ च्या ऑक्टोबरात कायदा कडक होणार म्हणून लोकांची झुंबड उडाली आणि त्या एका वर्षात २० लाखांहून जास्त वैयक्तिक अर्ज पडले. घटस्फोट त्याच्या साधारण निम्मे होते. पुढे पारडं फिरलं. २०२२ मध्ये दिवाळखोरीचे अर्ज ४ लाखांच्याही खाली गेले, घटस्फोट त्याहून बरेच जास्त झाले. आता अर्ज पुन्हा वाढतायत.

आणि ही माणसं उधळी नव्हती. मुलंबाळं असलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ कुटुंबांच्या मागे तीनच कारणं होती: नोकरी गेली, आजारपण आलं, नाहीतर संसार मोडला. शिकलेली, घर घेतलेली, दोघं कमावणारी माणसं. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर हवं म्हणून दुसरा पगारही मॉर्गेजला जुंपलेला. एक पगार थांबला की सावरायला हातात काही उरत नाही. तू घर कशासाठी घेतलंस? शाळेसाठीच ना? मग स्वतःला दिवटा म्हणवून घेणं आधी बंद कर.

आपल्या मंडळात घटस्फोट कोणाकोणाचा झाला ते तू बोटांवर मोजून दाखवशील. दिवाळखोरी कोणी जाहीर केली? एकही नाव येणार नाही. गणपतीच्या जेवणाला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर असा माणूस बसून गेला असेल, पण तो तुला सांगणार नाही आणि तू त्याला सांगणार नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या हाडीमाशी मुरलंय. घरं बुडाली आहेत या म्हणीपायी.

आई-बाबांना काय वाटेल, हेही लिहिलंयस. त्यांचं घाबरणं मला समजतं. तिकडे भारतात साध्या नोकरदाराला यातून बाहेर काढणारी धड वाटच नाही. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ च्या अखेरीस लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बाकीच्यांना अजून इंग्रजांच्या १९०९ आणि १९२० च्या कायद्यांचाच आधार. त्यामुळे दिवाळं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वसुलीवाले आणि लिलाव उभे राहतात. इथे अर्ज दाखल झाला त्याच दिवशी वसुलीचे फोन कायद्याने बंद होतात. इथल्या दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ मधलं, म्हणजे बहुतेक कर्ज माफ होतं तसलं, साधं प्रकरण चार-सहा महिन्यांत निकाली निघतं. चॅप्टर १३ असेल तर तीन ते पाच वर्षं हप्त्याने फेडायचं. हे आई-बाबांना मी समजावेन. पण तिला तूच सांगायचंस.

२००९ मध्ये आमच्याच गल्लीत एक मित्र राहायचा. पगार माझ्याहून मोठा, स्वभाव राजा माणसाचा. नोकरी गेल्यावरही रोज सकाळी टाय लावून गाडी काढायचा. बायकोला कळलं ते दारावर चिकटवलेल्या कागदावरून. शेरीफ घराचा लिलाव करणार, तारीख अमुक. निळ्या चिकटपट्टीने चारही कोपरे नीट दाबून बसवलेले. ती हातात भाजीच्या पिशव्या घेऊन तो कागद वाचत उभी होती, मी पाहिलंय. ती घर सोडून गेली ती पैशांपायी गेली नाही. "आठ महिने माझ्याशेजारी झोपत होता आणि बोलला नाही," एवढंच ती तुझ्या काकूला म्हणाली. त्याच्या वाट्याला दोन्ही आलं, दिवाळखोरीही आणि घटस्फोटही.

त्याच वर्षी माझीही नोकरी गेली होती. आमच्याकडे महिनाअखेरीला जेवणाच्या टेबलावर हिशेबाची वही उघडायची आणि मोठ्याने वाचायची, मुलीसमोर. लोक मला चिक्कू म्हणाले. मुलगी आता मोठी झाली. मागच्या वर्षी म्हणाली, "बाबा, बँकेचं पाकीट आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मी दहा वर्षांची होते." ऐकून मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तिचं ते वय मला परत देता येणार नाही. तरीही मी वही उघडीच ठेवली असती. नोकरी गेली त्या रात्री तुझ्या काकूला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने पेन्सिल घेतली आणि पियानोचा क्लास, दुसरी गाडी, भारताची तिकिटं, एकेक ओळ स्वतःच्या हाताने खोडली. घर टिकलं ते तिच्यामुळे. तिला आकडा माहीत नसता तर ती काय खोडणार होती?

तुझा बेत मला कळलाय, गुपचूप एकट्याने अर्ज करून मोकळं व्हायचं. ते होणार नाही. एकट्याने अर्ज केलास तरी एका घरात राहता म्हणून तिचा पगार हिशेबात येतोच, तिच्या पेस्लिपा लागतात. जे कार्ड दोघांच्या नावावर आहे त्यातून तू सुटलास की बँक उरलेले पैसे तिच्याकडे मागणार. वेगळं होऊन तिला वाचवीन, असंही एका ओळीत लिहून गेलायस. अरे, कोर्टाने घटस्फोटात ते कर्ज तुझ्या माथी मारलं तरी बँकेला त्याचं काही बंधन नाही, ती तिला सोडत नाही. कुठूनही फिरून ये, तिला सांगावंच लागतं. मग कागदावरून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.

दोन गोष्टी आत्ताच थांबव. ४०१(के) मधून पैसे काढून कार्डं भरू नकोस. निवृत्तीच्या त्या पैशांना दिवाळखोरीत सहसा हात लागत नाही आणि तू तेच आधी उधळायला निघालायस. आणि घाईघाईने भावाचे पैसे फेडू नकोस. अर्जाच्या आधीच्या वर्षभरात नातेवाइकाला फेडलेली रक्कम ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण सांभाळणारा माणूस, परत मागू शकतो. पुण्याचा फ्लॅटही दाखवावाच लागेल, शपथेवर. दिवाळखोरी हा गुन्हा नाही, पण ती शपथ खोटी घेणं गुन्हा आहे. तुझं ग्रीन कार्ड व्हायचंय, हे विसरू नकोस.

आता पैशांचं. तू मागितलेले दहा हजार मी देणार नाही. तिच्यापासून लपवून तर एक डॉलरही नाही. वकिलाची फी आणि कोर्टाचे ३३८ डॉलर मी भरतो, ते परत करायचे नाहीत. मात्र वकिलाकडे तुम्ही दोघं जायचं. त्याआधी रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला या. येताना सगळ्या कार्डांची सहा महिन्यांची स्टेटमेंटं, दोघांच्या पेस्लिपा, गेल्या दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि पुण्याच्या फ्लॅटचे कागद आण. शनिवारी रात्री काकू तिला फोन करून विचारेल, काय करू जेवायला. तोवर तिला सांगून झालेलं असू दे.

तुझा,
काका