केळीच्या भावाची काळजी आणि रात्रीची झोप

प्रश्न : माझे वय 44 असून रावेर तालुक्यात माझी केळीची मृगबाग आहे. घड कापणीला आले आहेत. परंतु व्यापारी आज-उद्या करीत आहे, भाव रोज उतरतो आहे आणि मे महिन्यातील वादळाची धास्ती आहेच. रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत तेच ते विचार चालू राहतात. घरात विनाकारण चिडचिड होते. ‘मनात विचारच येऊ देऊ नका’ असे एका परिचितांनी सांगितले. तसे केले तर ते अधिकच येतात. ‘विचारांकडे लक्ष द्या’ असेही वाचनात आले. लक्ष दिल्याने ते आणखी वाढणार नाहीत का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : विचार अडवायला गेल्यावर ते वाढले, यात आपले काही चुकलेले नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांच्या 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, तरीही तो आलाच तर घंटी वाजवा, असे सांगण्यात आले होते. घंटी वाजतच राहिली. शिवाय पुढे विचार करण्याची मुभा मिळाल्यावर, ज्यांना पहिल्यापासूनच मुभा होती त्यांच्यापेक्षा या मंडळींना ते अस्वल अधिक वेळा आठवले. नको असलेला विचार आला की काय, हे तपासण्यासाठी मन त्याचाच शोध घेत राहते, असे वेग्नर यांचे स्पष्टीकरण होते.

लक्ष देणे म्हणजे विचाराच्या मागे फरफटत जाणे नव्हे. घटना आणि मनःस्थिती यांच्यामध्ये एक झटपट, आपोआप येणारा विचार असतो आणि तो आपण न तपासताच खरा मानतो, हे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले. आपलेच उदाहरण घेऊ. संध्याकाळी व्यापाऱ्याला फोन केला आणि त्याने तो उचलला नाही. घडले एवढेच. मन मात्र तेवढ्यात ‘गाडी येणार नाही, माल बागेतच पिकणार, सोसायटीचे कर्ज थकणार, गावात मान खाली जाणार’ येथपर्यंत पोहोचलेले असते. छातीत धडधडते, दात आवळले जातात आणि वहीसाठी पैसे मागायला आलेल्या मुलावर आपण खेकसतो.

ही साखळी कागदावर उतरवावी. काय घडले, त्या वेळी मनात नेमके कोणते वाक्य आले आणि शरीरात काय जाणवले, एवढे लिहिले तरी पुरते. वाक्य सभ्य करून लिहू नये, जसे आले तसेच लिहावे. मग स्वतःशी म्हणावे, ‘माल बागेतच पिकणार, असा विचार मला आत्ता येतो आहे.’ तो खोटा ठरवायचा नाही. तो विचार आहे, अजून घडलेली गोष्ट नाही, एवढेच पाहायचे. त्यानंतर तो तपासता येतो. घड झाडावर आणखी किती दिवस थांबतील, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे चौकशी केली आहे का? झाडांना आधार देऊन झाला आहे का? विमा उतरवला असल्यास त्याची कागदपत्रे हाताशी आहेत का? जे करण्यासारखे निघेल ते सकाळच्या कामात घालावे. रात्री दोनला जाग आल्यास त्या वाक्याची नोंद करून वही मिटावी आणि मोबाइलवर भाव मुळीच पाहू नये.

‘सकारात्मक विचार करा’ असे संदेश पाठवणाऱ्यांचा मला, खरे सांगायचे तर, थोडा रागच येतो. भाव आपल्या विचारांमुळे पडलेला नाही आणि वहीत लिहिल्याने तो चढणारही नाही. हप्ता थकण्याची शक्यता असेल तर सोसायटीच्या सचिवांशी आधीच बोलावे. ते काम मनाच्या कोणत्याही सरावाने टळत नाही.

झोप न लागणे दोन-तीन आठवडे असेच चालू राहिले, तर शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवस-रात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

राहिला प्रश्न घरातील चिडचिडीचा. वहीतील ते वाक्य पत्नीला वाचून दाखवावे. आपण तिच्यावर रागावलेले नसून व्यापाऱ्याच्या फोनची वाट पाहत आहात, हे तिला कोणी सांगितलेले नसेल.