टोकियोत ऐकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गाला पहिल्यांदाच जाणार आहे. काय तयारी करू?

हातापायांची नखं कापा, अंगठी-साखळी घरी ठेवा. तयारी एवढीच.

घोळ होतो तो पोशाखात. केइकोगीची (सरावाच्या पोशाखाची) डावी बाजू उजवीवर यायला हवी. मी पहिल्या दिवशी उलटं गुंडाळलं होतं. शेजारचे एक आजोबा चकार शब्द न बोलता पुढे आले, माझा पट्टा सोडला आणि सगळं नीट बांधून दिलं. उजवी बाजू वर फक्त प्रेताच्या अंगावर ठेवतात, हे मला नंतर कळलं!

शिंजुकूतल्या होम्बू दोजोत, म्हणजे ऐकिकाई या ऐकिदो संघटनेच्या मुख्य सरावगृहात जाणार असाल, तर हे माहीत असू द्या: ऐकिदोचे जनक मोरिहेई उएशिबांनी १९३१ साली त्याच जागी दोजो उघडला होता. सकाळचा पहिला वर्ग साडेसहाला असतो, पण थोडं आधी पोहोचा. ताटामीवर (सरावाच्या चटईवर) जाताना वाकून नमस्कार, मग सेइझा, म्हणजे जवळपास आपलं वज्रासन. ते सवयीचं असेल तर निम्मी लढाई जिंकलीत. जोडीदाराला आधी 'ओनेगाइशिमासु' (सरावासाठी विनंती), शेवटी 'आरिगातो गोझाइमाशिता' (धन्यवाद).

पहिल्या दिवशी बहुतेक वेळ पडायलाच शिकाल. त्याला उकेमी म्हणतात. शाळेतल्या कोलांटीसारखं डोक्यावरून सरळ जाऊ नका, मान दुखावेल. हनुवटी छातीकडे ओढून एका खांद्यावरून तिरकं, विरुद्ध बाजूच्या कमरेकडे लोळायचं. मनगट पिरगळलं आणि दुखायला लागलं की ताटामीवर दोनदा थाप मारा, समोरचा लगेच सोडतो. उगाच दात-ओठ खात सहन करू नका. तिथे हार-जीत नसते, ऐकिकाईच्या ऐकिदोत स्पर्धाच नाहीत.