वाचक विचारतात : मिग गेलं, आता त्याच्या जागी कोण?

मिग-21 निवृत्त झालं तेव्हापासून या सदरासाठी ओझर, सिन्नर, सातपूर सगळीकडून विमानांचेच प्रश्न येतायत. नाशिककरांचा जीव या विषयात अडकलेला आहे, साहजिकच आहे, कारण ती विमानं आपल्याच गावात बनली. निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न : 1963 ला आलेलं विमान 2025 पर्यंत का वापरलं? वेळेवर बदललं का नाही? (एक काका, सिन्नर)

काका, आधी एक सांगतो, 62 वर्षं तेच एक विमान उडत नव्हतं. एफएल, एम, बिस अशी एकामागून एक सुधारित मॉडेलं आली, आणि शेवटी बिसचं बायसन झालं, ज्यात नवं रडार, नवी मिसाइलं बसवली, ते कामही मुख्यतः आपल्या ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) झालं. मुळात तो कारखाना 1964 साली उभाच राहिला मिगसाठी.

आता वेळेवर का नाही बदललं, तर हाच खरा दुखरा भाग आहे. मिगच्या जागी यायचं ते तेजस, आपलं स्वदेशी लढाऊ विमान, त्याचा प्रकल्प 1983 ला मंजूर झाला, पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 ला, आणि पहिलं स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) उभं राहिलं 2016 ला. म्हणजे मंजुरीपासून 33 वर्षं. मधल्या काळात 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लावले, फ्लाइट कंट्रोलचं, म्हणजे विमान हवेत सांभाळणाऱ्या संगणक यंत्रणेचं, जे काम त्यांच्यासोबत चालू होतं ते आपल्या लोकांना स्वतः पूर्ण करावं लागलं (आणि केलं, हे विसरू नका), स्वदेशी कावेरी इंजिन पुरेसा जोर देईना म्हणून अमेरिकन एफ-404 इंजिन घ्यावं लागलं. दुसरीकडे बाहेरून विमान घ्यायचं म्हणून 2007 ला 126 विमानांचं टेंडर काढलं, सहा विमानं स्पर्धेत, 2012 ला फ्रान्सचं राफेल सर्वात कमी बोलीचं ठरलं, मग वाटाघाटी अडकल्या त्या अडकल्याच आणि 2016 ला करार झाला तो फक्त 36 विमानांचा. बदली ठरेना म्हणून जुन्याचं आयुष्य वाढवत राहिलो, असं सरळ आहे ते. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिगला निरोप दिला तेव्हा मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी हातात उरली 29.

माझं स्पष्ट मत आहे, आपण चुकीचं विमान निवडलं म्हणून नाही, निवडायला उशीर केला म्हणून ही वेळ आली.

प्रश्न : हवाई दल विमान निवडतं म्हणजे नक्की काय बघतं? ज्याचा स्पीड जास्त ते चांगलं का? (कॉलेज विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

नाही गं, स्पीडवर काहीच ठरत नाही. मिग-21 आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, तेजसचा कमाल वेग त्यापेक्षा कमी आहे, तरी तेजस कितीतरी पुढचं विमान आहे. कारण आता लढाई समोरासमोर घिरट्या घालून होतेच असं नाही, रडारने समोरच्याला आधी कोण बघतो आणि कोणाचं मिसाइल लांबून पोचतं यावर बरंचसं ठरतं. म्हणून तेजसच्या सुधारित मॉडेलमध्ये, मार्क-1ए मध्ये, एईएसए रडार (अँटेना न फिरवता चहूकडे झटपट नजर टाकणारं नवं रडार), इलेक्ट्रॉनिक युद्धाची सामग्री आणि हवेतल्या हवेत इंधन भरायची सोय, यांच्यावर भर आहे.

मग चाचण्या. त्या 126 वाल्या टेंडरमध्ये विमानं बंगळुरूला, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहला उडवून बघितली. लेह का? तिथला विमानतळ तीन हजार मीटरच्या वर आहे, हवा इतकी विरळ की इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांनाही उचल कमी मिळते, म्हणजे युरोपात छान उडणारं विमान इथे निम्मी हत्यारं खाली ठेवून उडेल की काय ते कळायला हवं ना.

पण हे सगळं झाल्यावर जे उरतं ते जास्त महत्त्वाचं आणि त्याच्यावर टीव्हीवर कोणी बोलत नाही. विमानाची किंमत म्हणजे नुसती खरेदीची किंमत नाही, तीस-चाळीस वर्षांचं इंधन, सुटे भाग, ओव्हरहॉल धरून जो खर्च येतो तो, लाइफ सायकल कॉस्ट म्हणतात. घरात ट्रॅक्टर घेताना आपण शोरूमच्या किमतीबरोबर डिझेल किती खातो, पार्ट कुठे मिळतो हे विचारतोच की, तसंच. त्या टेंडरमध्ये सर्वात कमी बोली ठरवताना हाच हिशोब धरला होता. आणि दुसरं, सॉफ्टवेअर कोणाच्या हातात? आपलं ‘अस्त्र’ नावाचं मिसाइल एखाद्या परदेशी विमानाला लावायचं तर त्याच्या संगणकाला ते ओळखीचं करून द्यावं लागतं, त्यासाठी कंपनीकडे जावं लागलं की वेळ आणि पैसा दोन्ही त्यांच्या मर्जीने. तेजसमध्ये ती चावी आपल्याकडे आहे. मला विचारशील तर आवाज, वेग, कसरती या सगळ्यापेक्षा हा मुद्दा मी वर ठेवीन.

प्रश्न : सुखोई-30 आमच्या हातची, ओझरला बनवलेली, उत्तम चालतायत. मग मिगच्या जागी अजून सुखोईच का नाही बनवत? (एचएएलमधून निवृत्त, ओझर)

दादा, तुमच्यासारख्यांनी केलेल्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. ब्रह्मोस मिसाइल लावलेलं सुखोई 2016 ला पहिल्यांदा नाशिकच्याच आकाशात उडालं, ही साधी गोष्ट नाही. पण सुखोई दोन इंजिनांचं, पूर्ण भरलं की 38 टनांच्या पुढे जाणारं अवजड विमान. तेजस भरून साडेतेरा टन. मिगचं काम होतं पटकन उडून हद्दीत घुसणाऱ्याला अडवायचं, ते रोजचं काम सुखोईला दिलं तर प्रत्येक उड्डाणाला खर्च बराच वाढतो आणि जे लांब पल्ल्याचं काम फक्त तेच करू शकतं त्याला विमान उरत नाही. तरी सुखोईची लाइन अगदी संपलेली नाही, डिसेंबर 2024 ला अजून 12 ची ऑर्डर आली आहेच.

आणि तुम्हाला तर माहीतच असेल, 17 ऑक्टोबर 2025 ला ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. वर्षाला 8 विमानांची ही लाइन आहे, बंगळुरू धरून 24. ऑर्डर आहेत 2021 च्या 83 आणि सप्टेंबर 2025 च्या 97, एकूण 180. आता भागाकार करा, सगळं सुरळीत चाललं तरी साडेसात वर्षं. आणि सुरळीत कुठे चाललंय, 99 इंजिनं अमेरिकेकडून 2021 ला मागवली आणि पहिलं हातात पडलं मार्च 2025 ला. कामगार तयार, जिग (भाग जुळवायचे सांगाडे) तयार, आणि इंजिन नाही. तुमच्या कारखान्याच्या लोकांना यात दोष देणारे मेसेज फिरतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : माझा भाचा हवाई दलात पायलट व्हायचं म्हणतोय. तेजसला एकच इंजिन, मग ते धोक्याचं नाही का? मिगचं ऐकून जीव घाबरतो. (एक ताई, नाशिकरोड)

ताई, काळजी वाटणारच. एक इंजिन बंद पडलं तर दुसरं असतं, हा दोन इंजिनांचा फायदा खरा आहे. पण एफ-16, मिराज-2000, ग्रिपेन ही सगळी एकाच इंजिनाची विमानं आहेत आणि जगभर वर्षानुवर्षं उडतायत.

मिगच्या अपघातांमागे एक कारण होतं ज्याचा विमानाशी थेट संबंध नव्हता. किरण या साध्या प्रशिक्षण विमानावर शिकलेली पोरं थेट मिग-21 वर बसायची, ज्याचा उतरतानाचा वेग प्रचंड, चुकायला जागाच नाही. मधल्या पायरीचं जेट ट्रेनर पाहिजे अशी मागणी कित्येक वर्षं चालू होती, तसल्या हॉक ट्रेनरचा करार व्हायला 2004 उजाडलं आणि हवाई दलात ते रीतसर दाखल झालं 2008 ला. तेवढ्या वर्षांत जी मुलं गेली त्यांच्या घरच्यांना आपण काय सांगणार. म्हणून कोणी मिगला उडती शवपेटी म्हटलं की मला राग येतो, उशीर माणसांनी केला आणि नाव विमानाला ठेवलं. तुमचा भाचा आता हॉकवर शिकून पुढे जाईल. त्याला अडवू नका.

प्रश्न : बाकीचे देश तरी पटापट निवडतात का? (पंचवटी)

नाही. कॅनडाने 2010 ला एफ-35 जाहीर केलं, 2012 ला सगळं परत पहिल्यापासून सुरू केलं, मधे ऑस्ट्रेलियाकडून जुनी एफ-18 घेऊन वेळ मारून नेली आणि शेवटी 2023 ला परत एफ-35 च. स्वित्झर्लंडमध्ये 2014 ला लोकांनी मतदान करून ग्रिपेनची खरेदी पाडली. पण त्यांच्या सीमा आणि आपल्या सीमा सारख्या नाहीत, त्यामुळे त्यांचं उदाहरण देऊन आपला उशीर झाकू नये.

प्रश्न : अंबडला माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. तेजसचं काम आमच्यापर्यंत येईल का?

येऊ शकतं. तेजसचे मोठे भाग आता खासगी कंपन्या बनवून देतात, पंख एल अँड टी, पुढची बॉडी डायनॅमॅटिक, मधली व्हीईएम. त्यांच्या खाली छोट्या पुरवठादारांची साखळी लागते. पण विमानाच्या पार्टसाठी एएस 9100 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र मागतात आणि कच्च्या मालापासून प्रत्येक टप्प्याचा कागद जपावा लागतो. गाड्यांच्या कंपन्यांचं काम करणाऱ्यांना हे सुरुवातीला जड जातं, पैसेही उशिरा सुटतात. मी म्हणेन की आधी प्रमाणपत्राची तयारी सुरू करा, ऑर्डरची वाट बघत बसू नका, कारण ऑर्डर आल्यावर प्रमाणपत्राला लागणारा वेळ कोणी देत नाही.

प्रश्न : ओझर एअरपोर्टवरून पुढच्या महिन्यात फ्लाइट आहे. तेजस दिसेल का, फोटो काढला तर चालेल का?

दिसलं तर नशीब, धावपट्टी तीच आहे. फोटो-व्हिडिओ मात्र काढू नका, डिफेन्सच्या धावपट्टीवर बंदी असते, आणि काढलाच कोणी तर फॉरवर्ड करू नका.