नेट न्यूट्रॅलिटीचा नियम भारतात आहे ना? मग माझा ब्रॉडबँडवाला काही साइट्स हळू का चालवतो, आणि तक्रार कुठे करायची?

नियम आहे आणि चांगला आहे: नेट देणाऱ्याने सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचं. पण तुमच्या घरात तो उपयोगी पडेल की नाही, हे तुमच्या इमारतीत किती जणांच्या वायरी येतात त्यावर ठरतं. ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. मी आधी तेच विचारलं असतं.

मी नाशिकला राहते, दहावीचं गणित शिकवते. 2020 च्या जूनमध्ये क्लास ऑनलाइन गेला तेव्हा माझ्याकडे बावीस मुलं होती. सगळेजण वापरत होते ती मोठ्या कंपनीची व्हिडिओ मीटिंग मला भूमितीसाठी जमेना, म्हणून मी एका छोट्या कंपनीचं फळ्याचं सॉफ्टवेअर घेतलं. मी माझ्या टॅबवर रेघ मारली की ती मुलांच्या स्क्रीनवर उमटायची. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात मी वर्तुळ काढलं, बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढली, त्रिज्या जोडली, काटकोन दाखवला आणि सिद्धता बोलायला लागले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, स्पर्शिका कुठंय? नुसतं वर्तुळच दिसतंय." माझं बोलून झाल्यावर त्यांच्याकडे रेघ उमटत होती. शिकवणाऱ्याला हे कसं वाटतं ते सांगता येत नाही. मुलांच्या चेहऱ्यावरून कळतं की आपण कुठेच पोचत नाही आहोत.

प्रोव्हायडरला फोन केला. "मॅडम, स्पीड टेस्ट करा." केली. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर शहाण्णव. "मग आमच्याकडून सगळं ओके आहे." चार वेळा हेच. ज्यांना कोणी हे उत्तर दिलंय त्यांनी एक लक्षात ठेवा. स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा तुमच्या प्रोव्हायडरच्याच नेटवर्कात असतो. घरातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रस्ता मोकळा आहे म्हणजे मुंबईपर्यंत मोकळा आहे असं होत नाही.

मग मी वही घेतली. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेपाच, अकरा दिवस, तीन रकाने: ब्रॉडबँड, मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि ब्रॉडबँडवरच व्हीपीएन (सगळा डेटा बंद पाकिटात दुसऱ्या सर्व्हरमार्गे पाठवणारी सोय) लावून. हॉटस्पॉटवर फळा व्यवस्थित. व्हीपीएन लावला की त्याच वायरीवरून, त्याच राउटरवरून फळा व्यवस्थित. व्हीपीएन काढला की स्पर्शिका गायब. अकरा दिवसांत एकदाही वेगळं घडलं नाही. व्हीपीएन लावल्यावर तुम्ही कुठल्या साइटवर जाताय ते प्रोव्हायडरला दिसत नाही.

ही वही दाखवल्यावर त्यांचा एक माणूस घरी आला. अगदी तरुण मुलगा, बिचारा पीपीई किटच्या दिवसांत दारोदार फिरत होता. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये भिंतीवरचा लोखंडी डबा त्याने माझ्यासमोर उघडला. आत पिवळ्या पॅच कॉर्डचं (फायबरच्या छोट्या वायरींचं) जाळं आणि प्रत्येकीवर फ्लॅटचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी. माझी कॉर्ड काढून पुसली, परत लावली, फायबरमधून येणारा प्रकाश मीटरने मोजला. "लाइन एकदम क्लीन आहे," म्हणाला. मग जाताना हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही बिझनेस प्लॅन घ्या, मग चालेल." मी विचारलं, वायर बदलणार? नाही. डबा बदलणार? नाही. मग? त्यावर तो काही बोलला नाही. माझा प्लॅन सातशे रुपयांचा होता, बिझनेस प्लॅन अठराशेचा.

नेट न्यूट्रॅलिटीचा सगळा वाद या एका वाक्यात आहे. तुम्ही रस्त्याचे पैसे दिलेत. आता त्या रस्त्याने कोणाकडे जाताय त्यावर वेगळे पैसे मागायचे की नाही?

यावरचं उत्तर या देशात ठरलेलं आहे, आणि ते ठरवण्यात माझाही एक ईमेल आहे, याचा मला अभिमान आहे. 2014 च्या डिसेंबरमध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉल्सना वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं, ओरड झाली, काही दिवसांत ते मागे घेतलं. 2015 च्या मार्चअखेर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, यावर चर्चापत्र काढलं आणि त्यावर दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. (ट्रायने ते सगळे पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले होते, तो वेगळा संताप.) मग आलं फ्री बेसिक्स, म्हणजे फेसबुकमार्फत मोजक्याच साइट्स फुकट. फेसबुकने 2015 च्या फेब्रुवारीत रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ते इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने ज्या मोजक्या सर्कलमध्ये (टेलिकॉम विभागांत) सुरू केलं त्यात महाराष्ट्र होता. डिसेंबरमध्ये झुकरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहून महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचं उदाहरण दिलं, की तो यावर हवामान आणि बाजारभाव बघतो. माझे काका निफाडला द्राक्षबाग करतात. हवामान आणि बाजारभाव त्यांच्याइतका कोणाला लागतो? पण ते कुठल्या साइटवर बघायचं हे काकांनी ठरवायचं, कॅलिफोर्नियातल्या कंपनीने नव्हे. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने नियम केला: कुठल्या साइटवर जाताय यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही, बदलला तर दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख दंड. तो दराचा नियम होता. वेगाचं म्हणजे अडवणं, हळू करणं, कोणाला पुढे काढणं, हे 2018 मध्ये दूरसंचार विभागाने मान्य करून परवान्याच्या अटींत घातलं.

म्हणजे अठराशेचा प्लॅन मागणारा माणूस माझ्या दारात उभा होता तेव्हा हे सगळं कागदावर होतं.

मग मी प्रोव्हायडर का बदलला नाही? कारण बदलायला दुसरा नव्हताच. आमच्या सोसायटीत 84 फ्लॅट. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस मी बोलावला तर वॉचमनने त्याला गेटवरच थांबवलं, "कमिटीची परवानगी नाही." आमचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांच्याकडे गेले. अण्णा म्हणाले, "अहो, करार आहे. ते सोसायटीचं ऑफिस आणि सीसीटीव्ही दोन्हीचं नेट फुकट देतात. तुमच्या एकटीसाठी मोडायचा का?"

हे मी आजपर्यंत विसरलेले नाही. फुकट कोणाला मिळालं? ज्याच्या हातात सही होती त्याला. पैसे कोणी भरले? 84 घरांनी, दर महिन्याला, आणि बदल्यात दुसऱ्याला दार बंद. फ्री बेसिक्सला मी विरोध केला तेव्हाही मला लोकांनी हेच ऐकवलं होतं, "गरिबाला फुकट मिळतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?" फुकट देणाऱ्याला दाराची किल्ली हवी असते, म्हणून दुखतं.

2021 च्या फेब्रुवारीत पार्किंगमध्ये मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून वार्षिक सभा झाली. मी वहीच्या झेरॉक्स वाटल्या आणि दुसऱ्या प्रोव्हायडरला वायरी वर नेण्याचा डक्ट वापरू द्यावा असा ठराव मांडला. ट्रायने 2017 च्या जानेवारीत इमारतींतल्या प्रवेशाबद्दल शिफारशी केल्या आहेत आणि एकाच कंपनीला बांधून घेणं त्यांना मान्य नाही, हेही सांगितलं. अण्णांनी न्यू जर्सीतल्या जावयाचा दाखला दिला: "अमेरिकेने हा नियम काढून टाकला, तिथे काही बिघडलं का?" तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही, ते आता देते. अमेरिकेने 2015 मध्ये नियम केला, 2017 मध्ये काढला, त्यावर कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये स्वतःचा कायदा केला, 2024 मध्ये केंद्राने नियम परत आणला आणि 2025 च्या जानेवारीत अपील कोर्टाने तो उडवला. सरकार बदललं की नियम बदलतो. याला काही बिघडलं नाही असं कसं म्हणायचं? आणि नेटच्या कंपन्यांना साइटवाल्यांकडून पैसे मागायची मोकळीक दिली की काय होतं ते बघायचं असेल तर दक्षिण कोरिया बघा. तिथल्या नेटवर्कच्या शुल्काला कंटाळून ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटने 2024 च्या फेब्रुवारीत देशातला धंदाच बंद केला. आपल्याकडेही टेलिकॉम कंपन्या 'न्याय्य वाटा' म्हणून हेच मागतायत. माझं मत स्पष्ट आहे: ग्राहकाने त्या डेटाचे पैसे आधीच दिलेले असतात, एका फेरीचं भाडं दोघांकडून घ्यायचं नाही.

ठराव 31 विरुद्ध 12 मतांनी पास झाला. एप्रिलमध्ये दुसऱ्याची वायर वर आली. मी दोन्ही कनेक्शन ठेवली, मुद्दाम. तीन आठवड्यांत जुन्या लाइनवर, जुन्याच सातशेच्या प्लॅनवर, व्हीपीएनशिवाय फळा चालायला लागला. मी फोन केला नव्हता, कोणी घरी आलं नव्हतं, डबा कोणी उघडला नव्हता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांनी माझी साइट मुद्दाम हळू केली होती, हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. मोठ्या कंपन्या आपले कॅश सर्व्हर (आपल्या साइटची प्रत ठेवणारी यंत्रं) प्रोव्हायडरच्या नेटवर्कात आणून ठेवतात, छोट्यांना ते परवडत नाही. प्रोव्हायडरने बाहेर जाणारी क्षमता कमी विकत घेतली किंवा दोन नेटवर्कांच्या जोडणीत काटकसर केली तर छोट्या साइट आपोआप रखडतात आणि व्हीपीएन दुसऱ्या वाटेने जातो म्हणून नीट चालतो. शिवाय असे कॅश सर्व्हर 2018 च्या अटींतून वगळलेलेच आहेत. तुमच्याकडेही असंच असू शकतं. तुमचा डेटा कोटा संपून वेग उतरला असेल तर तो भाग वेगळाच, त्याचा न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही. पण बिझनेस प्लॅन घेतला की चालेल, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि मुद्दाम असो की काटकसर, दुसरी वायर आल्यावर ते सुधारलं.

तक्रारीचं म्हणाल तर आधी कंपनीकडे नोंदवून डॉकेट (तक्रार) नंबर घ्या, समाधान झालं नाही तर त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, नंतर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तिथे वेळ घालवू नका. ग्राहक मंचाचा रस्ताही आहे, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टेलिकॉमसाठी खुला असल्याचं सांगितलंय. मी मंचात गेले नाही, त्यामुळे किती दिवस लागतात ते दुसऱ्या कोणी लिहावं. वही मात्र आजपासून सुरू करा, तारीख, वेळ आणि तीन रकाने.

आणि सोसायटीत राहत असाल तर त्याआधी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करून प्रोव्हायडरबरोबरच्या कराराची प्रत मागा. सभासद म्हणून मागा, उपकार म्हणून नको. त्यात दुसऱ्या कोणाला येऊ न देण्याचं कलम आहे का आणि बदल्यात काय घेतलंय, एवढं बघा. मी पहिल्याच आठवड्यात हे केलं असतं तर ती बॅच अख्खं वर्ष माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकली नसती.

अण्णा या साइटवर आहेत, वाचतातही. अण्णा, तुमच्याशी माझं वैर नाही. पण करारावर सही करण्याआधी तुम्ही 84 पैकी किती जणांना विचारलं होतं, हे मी सभेत दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय पुढे नेलात. इथे उत्तर दिलंत तरी चालेल.